सहा वेळा पंथ बदललेला राजा

पॅरिसला जाऊन आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी सीन नदीवरचा ‘पाँ नफ’ पाहिलेला असतो. नावाचा अर्थ ‘नवा पूल’, पण आज पॅरिसमध्ये उभ्या असलेल्या पुलांत सगळ्यात जुना हाच! पुलाच्या मध्यावर घोड्यावर बसलेल्या एका दाढीवाल्या राजाचा पुतळा आहे. गाइड घाईघाईत नाव सांगतो, आपण फोटो काढतो आणि बस आयफेल टॉवरच्या दिशेनं निघते. तो राजा म्हणजे फ्रान्सचा चौथा हेन्री.

त्याच्या आयुष्यातली छत्तीस वर्षं, १५६२ पासून १५९८ पर्यंत, फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांना मारत होते. इतिहासकार यात आठ युद्धं मोजतात. देश एक, देवही एकच, तरी लाखो माणसं लढाईत, उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. हे थांबवलं ते हेन्रीनं. त्यानं कुणाचंही मतपरिवर्तन केलं नाही. एकमेकांना न आवडणाऱ्या माणसांनी एकाच गावात कसं राहायचं, याचे नियम त्यानं लिहून काढले आणि ते पाळायला लावले. हे त्याला का सुचलं, ते कळण्यासाठी त्याच्या लहानपणापासून सुरुवात करायला हवी.

घरातच दोन पंथ

हेन्रीचा जन्म १३ डिसेंबर १५५३ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो या गावच्या किल्ल्यातला. आजोबा शेजारच्या नावार या चिमुकल्या राज्याचे राजे. नातू झाल्याच्या आनंदात त्यांनी बाळाच्या ओठांना लसूण चोळली आणि तिथल्या वाइनचा थेंब चाखवला, अशी गोष्ट त्या भागात सांगतात. (आपण मध चाटवतो, तिकडे लसूण!) वडील आंत्वान द बूर्बाँ हे फ्रान्सच्या राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले. पण गादीवरच्या राजाला स्वतःचे मुलगे होते, त्यामुळे हे पोर कधी फ्रान्सचा राजा होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बाळाचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीनं झाला. पण त्या काळात जिनिव्हाहून कॅल्व्हिन या फ्रेंच धर्मसुधारकाची शिकवण फ्रान्सभर पसरत होती. पोपची सत्ता, संतांच्या मूर्ती, मिस्सा (म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) हे सगळं त्यानं नाकारलं होतं. त्याच्या फ्रेंच अनुयायांना ह्यूगेनॉट म्हणू लागले. जोर होता तेव्हा त्यांची संख्या लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होती, पण सरदारांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे वाद देवळापुरता राहणार नव्हता. तलवारी आणि किल्ले दोन्ही बाजूंना होते.

हेन्रीची आई झान, नावारची राणी, मोठी करारी बाई. १५६० च्या नाताळात तिनं आपण प्रॉटेस्टंट असल्याचं जाहीर केलं आणि मुलालाही त्याच वळणावर वाढवलं. वडिलांचं मात्र वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवणं चालू होतं. १५६२ साली ते कॅथलिक बाजूला गेले आणि आठ वर्षांच्या हेन्रीला त्यांनी मिस्सेला बसायला भाग पाडलं. पोरगं काही आठवडे अडून बसलं, शेवटी नमलं. त्याच वर्षी वडील रुआंच्या वेढ्यात जखमी होऊन वारले आणि मुलगा परत प्रॉटेस्टंट शिक्षकांकडे आला. नववं वर्षं संपेपर्यंत या मुलाचे पंथ तीनदा बदलून झाले होते, आणि त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

याच १५६२ च्या १ मार्चला वासी या गावी एका कोठारात प्रार्थना करणाऱ्या प्रॉटेस्टंटांवर गीझच्या ड्यूकच्या माणसांनी हल्ला केला. डझनावारी माणसं मेली आणि पहिलं युद्ध पेटलं. गीझ हे कट्टर कॅथलिक घराणं. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. पंधराव्या वर्षी हेन्रीला आईनं ह्यूगेनॉट सैन्यात नेऊन उभं केलं. तिथे अ‍ॅडमिरल कोलिन्यी या ज्येष्ठ सेनानीच्या हाताखाली तो लढाई शिकला.

लग्न आणि कत्तल

फ्रान्समध्ये तेव्हा नववा चार्ल्स राजा होता, पण कारभारात वजन होतं त्याच्या आईचं, कॅथरीन द मेदिचीचं. १५७० च्या तहानंतर तिनं ठरवलं की दोन्ही पक्ष एकत्र आणायचे तर सोयरीक करावी. आपली मुलगी मार्गरीत तिनं हेन्रीला देऊ केली. लग्नाच्या तयारीसाठी पॅरिसला आलेली झान जून १५७२ मध्ये आजारानं वारली. हेन्री अठराव्या वर्षी नावारचा राजा झाला आणि दोन महिन्यांनी नवरदेव!

१८ ऑगस्ट १५७२ रोजी नोत्र-दाम कॅथीड्रलसमोर उंच मांडव घालून लग्न लागलं. नंतर नवरी मिस्सेसाठी आत गेली आणि नवरा बाहेर थांबला. तो प्रॉटेस्टंट, आत कसा जाणार? आत त्याच्या जागी नवरीचा भाऊ उभा राहिला. या लग्नासाठी देशभरातले ह्यूगेनॉट सरदार पॅरिसमध्ये जमले होते.

चार दिवसांनी कोलिन्यीवर एका खिडकीतून गोळी झाडली गेली. तो जखमी झाला, मेला नाही. ह्यूगेनॉट खवळले. ते सूड घेतील या भीतीनं राजवाड्यात रात्री खलबतं झाली आणि त्यांच्या म्होरक्यांना मारायचं ठरलं. २४ ऑगस्टला, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी पहाटे, कोलिन्यीला त्याच्या बिछान्याजवळ मारून खिडकीतून खाली फेकलं. लूव्रजवळच्या चर्चची घंटा वाजली आणि मग शहराच्या वेशी बंद करून शेजारी शेजाऱ्याला मारू लागला. बायका, मुलं, म्हातारे कुणीच सुटलं नाही. पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसं मेली असं इतिहासकार मानतात. पुढच्या दोन महिन्यांत ऑर्लेआं, लियों, रुआं, बोर्दो अशा शहरांत आणखी हजारो गेले.

हेन्री त्या रात्री लूव्रमध्येच होता. त्याच्या सोबत्यांना खाली अंगणात नेऊन कापलं. तो राजघराण्यातला आणि घरचा जावई, म्हणून वाचला. पण मिस्सा की मरण, एवढाच पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला. सप्टेंबरमध्ये त्यानं कॅथलिक पंथ स्वीकारला. सव्वा महिन्यापूर्वी वाजतगाजत लग्न झालेला हा मुलगा आता सासरी कैदी होता.

ही कैद साडेतीन वर्षं चालली. त्यानं काय केलं? हसला, शिकारी केल्या, टेनिस खेळला, मिस्सेला बसला. सगळ्यांना वाटलं, हा काही कामाचा नाही. आणि फेब्रुवारी १५७६ मध्ये शिकारीच्या निमित्तानं बाहेर पडलेला हेन्री परत आलाच नाही! आपल्या मुलखात पोचल्यावर काही महिन्यांत तो पुन्हा प्रॉटेस्टंट झाला. जबरदस्तीनं लादलेला पंथ पहारा सुटेपर्यंतच टिकतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तीन हेन्री

यानंतर दैवानं भलताच खेळ मांडला. चार्ल्स १५७४ सालीच वारला होता आणि त्याचा भाऊ, तिसरा हेन्री, गादीवर होता. त्याला मूल नव्हतं. १५८४ मध्ये राजाचा धाकटा भाऊही वारला आणि वंशाच्या कायद्यानुसार गादीचा वारस ठरला आपला नावारचा हेन्री. कॅथलिक फ्रान्सला प्रॉटेस्टंट राजा? गीझचा ड्यूक (याचंही नाव हेन्रीच!) कॅथलिक लीगचा पुढारी होता. त्यानं स्पेनच्या दुसऱ्या फिलिपशी करार करून पैसा मिळवला. पोपनं नावारच्या हेन्रीला बहिष्कृत केलं. त्यातून पेटलेल्या युद्धाला ‘तीन हेन्रींचं युद्ध’ म्हणतात.

१५८७ साली कूत्रा इथे नावारच्या हेन्रीनं राजाच्या फौजेचा धुव्वा उडवला. मोठ्या मैदानी लढाईत ह्यूगेनॉटांचा हा पहिला ठळक विजय. पण त्यानं कैद्यांना सन्मानानं वागवलं आणि पडलेल्या शत्रू सेनापतीचं प्रेत इतमामानं परत पाठवलं. आज ना उद्या याच लोकांवर राज्य करायचंय, हा हिशोब त्यात नक्की असणार.

मे १५८८ मध्ये पॅरिसनं गीझची बाजू घेतली, रस्तोरस्ती अडथळे उभारले आणि राजाला शहर सोडून पळावं लागलं. डिसेंबरमध्ये राजानं ब्लुआच्या राजवाड्यात गीझला बोलावून त्याचा खून करवला. मग एकाकी पडलेल्या राजानं नावारच्या हेन्रीशीच हातमिळवणी केली. १ ऑगस्ट १५८९ रोजी झाक क्लेमाँ नावाच्या तरुण कॅथलिक साधूनं राजाला भोसकलं. दुसऱ्या दिवशी तो मेला, मरताना नावारच्या हेन्रीला वारस मानून. तीन हेन्रींपैकी एक उरला.

राजा, पण राजधानीबाहेर

नाव राजाचं, पण बरेच कॅथलिक सरदार छावणी सोडून गेले. हेन्री लढत राहिला. १४ मार्च १५९० रोजी ईव्रीच्या लढाईत शिरस्त्राणावर पांढरा तुरा लावून तो सगळ्यांच्या पुढे होता. तो जिंकला. मग त्यानं पॅरिसला वेढा घातला.

हा भाग त्याच्या चरित्रकारांना अवघड जातो. मे ते ऑगस्ट १५९० शहरात धान्य गेलं नाही. लोकांनी घोडी, गाढवं, कुत्री, मांजरं खाल्ली. कबरस्तानातली हाडं दळून पाव केल्याच्या नोंदी त्या काळातल्या लोकांनी ठेवल्या आहेत. हजारो माणसं भुकेनं मेली. उन्हाळा सरत आल्यावर हेन्रीनं काही बायका-मुलांना बाहेर पडू दिलं, पण वेढा त्याचाच होता आणि मरणारी त्याचीच प्रजा होती. शेवटी नेदरलँड्समधून स्पॅनिश फौज घेऊन पार्माचा ड्यूक आला आणि वेढा उठवावा लागला. एवढं करूनही पॅरिस मिळालं नाही.

इथे हेन्रीनं निर्णय घेतला. २५ जुलै १५९३ रोजी पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये त्यानं प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला. सहावा आणि शेवटचा बदल. या प्रसंगाबद्दल त्याच्या नावावर एक चतुर वाक्य खपवलं जातं, पण तो तसं बोलल्याचा पुरावा नाही. त्याच्या मनात काय होतं, यावर वाद आजही चालू आहे. परिणाम मात्र स्वच्छ दिसतो. फेब्रुवारी १५९४ मध्ये शार्त्र इथे राज्याभिषेक झाला आणि २२ मार्चला पहाटे पॅरिसच्या वेशी जवळजवळ रक्त न सांडता उघडल्या. शहराच्या गव्हर्नरला त्यानं आधीच फोडलं होतं! आतली स्पॅनिश फौज त्याच दिवशी निघून गेली. १५९५ मध्ये पोपनंही माफी दिली.

लीगच्या बाकी सरदारांना त्यानं पैसे, पदव्या आणि पेन्शनी देऊन वळवलं. एकूण खर्च सुमारे तीन कोटी लिव्र. लोकांनी नाकं मुरडली. पण तीच गावं लढून घेतली असती तर कितीतरी जास्त पैसा आणि माणसं गेली असती, असं त्याचं गणित होतं.

नांतचा हुकूमनामा

आता दुखावले ते जुने सोबती. वीस वर्षं ज्याच्यासाठी रक्त सांडलं तो मिस्सेला बसतो! १५९७ साली स्पेननं आमियां हे शहर घेतलं तेव्हा काही ह्यूगेनॉट सरदार मदतीला आलेच नाहीत. आधी आमच्या हक्कांचं बोला, हा त्यांचा सूर होता. हेन्रीनं आमियां परत जिंकलं आणि एप्रिल १५९८ मध्ये नांत या शहरात हुकूमनाम्यावर सही केली. ९२ जाहीर कलमं, ५६ गुप्त कलमं आणि वर दोन सनदा.

त्यात होतं तरी काय? राज्यात कुणालाही श्रद्धेसाठी छळायचं नाही. ठरावीक ठिकाणी प्रॉटेस्टंट प्रार्थना उघडपणे करता येईल. राजदरबारात, पॅरिसमध्ये आणि शहराच्या पाच लीग परिसरात नाही. सरकारी नोकऱ्या, शाळा, इस्पितळं सगळ्यांना खुली. दफनासाठी ह्यूगेनॉटांना जागा. त्यांचे खटले चालवायला दोन्ही पंथांचे न्यायाधीश असलेली खास न्यायालयं. संरक्षणासाठी सुमारे दीडशे ठिकाणं त्यांच्या ताब्यात, त्यातल्या सुमारे निम्म्या ठिकाणच्या शिबंदीचा खर्च राजाकडून. उलट बाजूनं, जिथे कॅथलिक उपासना बंद पडली होती तिथे ती पुन्हा सुरू. ह्यूगेनॉटांनी कॅथलिक चर्चचा कर भरायचा आणि त्यांच्या सणांना दुकानं बंद ठेवायची.

ही समानता नव्हती, आणि तसा दावाही कुणी केला नाही. मला सगळ्यात विलक्षण वाटतात ती पहिली दोन कलमं. युद्धात दोन्ही बाजूंनी जे घडलं त्याची आठवण मिटली असं समजायचं. ते उकरून कोर्टात जायचं नाही, त्यावरून कुणाला टोमणे मारायचे नाहीत, भांडण काढायचं नाही. आपली माणसं ज्यांनी मारली त्यांच्या दुकानातून पाव विकत घ्यायचा आणि गप्प राहायचं, असा त्याचा अर्थ. ज्या अंगणात हेन्रीचे मित्र कापले गेले, त्या लूव्रमध्येच तो आता राहत होता. त्यानं लोकांकडून मागितलं ते आधी स्वतः केलं होतं.

कागदावर सही करून भागलं नाही. पॅरिसच्या उच्च न्यायालयानं हुकूमनामा नोंदवून घ्यायला नकार दिला. हेन्रीनं न्यायाधीशांना लूव्रमध्ये बोलावलं. राजवस्त्रं न घालता, घरच्या साध्या कपड्यात, वडीलधाऱ्यानं मुलांशी बोलावं तसा तो बोलला. थोडं समजावणं, थोडा दम! फेब्रुवारी १५९९ मध्ये नोंदणी झाली. मग त्यानं प्रांतोप्रांती अधिकाऱ्यांच्या जोड्या पाठवल्या, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट. प्रार्थनास्थळ कुठे, दफनभूमी कुठली, नगरपालिकेत कुणाच्या किती जागा, अशा तक्रारी ऐकून ही मंडळी गावोगाव तोडगे काढत फिरली. शांतता आली ती अशी, एकेका गावातून.

बारा वर्षं

पुढची बारा वर्षं हेन्रीनं देश सावरला. जवळचा मंत्री स्युली शेवटपर्यंत प्रॉटेस्टंट राहिला आणि कॅथलिक राजाची तिजोरी त्यानं भरली. रस्ते-पूल दुरुस्त झाले, रस्त्याकडेला झाडं लागली, सीन आणि ल्वार नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचं काम सुरू झालं, रेशमासाठी तुतीची लागवड झाली. पाँ नफ १६०७ मध्ये पुरा झाला. आजचा ‘प्लास दे व्होझ’ हा देखणा चौक त्याच्याच काळात बांधायला घेतला. प्रत्येक शेतकऱ्याच्या भांड्यात रविवारी कोंबडी शिजावी अशी त्याची इच्छा होती, ही गोष्ट मात्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली.

संत वगैरे तो मुळीच नव्हता. बायकांच्या भानगडी त्याच्या हयातीतच चघळल्या जात. मार्गरीतशी विवाह रद्द करून त्यानं १६०० मध्ये मारी द मेदिचीशी लग्न केलं. १६०१ मध्ये मुलगा झाला, पुढचा तेरावा लुई.

दोन्हीकडच्या कट्टरांनी हेन्रीला कधीच आपला मानलं नाही. त्याच्यावर डझनाहून अधिक वेळा हल्ल्याचे बेत झाले. १४ मे १६१० रोजी तो आजारी स्युलीला भेटायला बग्गीतून निघाला होता. एका अरुंद गल्लीत दोन गाड्या आडव्या आल्या आणि बग्गी अडकली. रावायाक नावाचा कॅथलिक माथेफिरू चाकावर चढला आणि त्यानं राजाला भोसकलं. हेन्री छप्पन्न वर्षांचा होता. जिवंतपणी ज्याला शिव्या दिल्या त्याच्यासाठी त्या दिवशी पॅरिस रडलं.

त्याच्यानंतर

हुकूमनामा त्याच्यानंतर पंचाहत्तर वर्षं टिकला, पण झिजत झिजत. मुलाच्या काळात ला रोशेलच्या वेढ्यानंतर, १६२९ मध्ये, ह्यूगेनॉटांची संरक्षित ठिकाणं गेली. नातू चौदावा लुई यानं आधी त्यांच्या घरांत सैनिक राहायला पाठवून छळ केला आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये हुकूमनामाच रद्द केला. धर्मगुरूंना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं. सामान्य लोकांना देश सोडायलाच बंदी, पकडले तर पुरुषांना गॅलीवर वल्ही मारण्याची शिक्षा. तरीही दोन लाखांच्या आसपास माणसं पळाली. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये त्यांनी रेशमाचे माग लावले, बर्लिनमध्ये आपल्या शाळा आणि चर्च काढली, दक्षिण आफ्रिकेत केपजवळ द्राक्षं लावली. तिथल्या एका गावाचं नाव आजही फ्रान्सहूक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’, असं आहे.

आपण मंडळी आपल्या मर्जीनं देश सोडून आलो. तिकीट काढलं, आईवडिलांनी विमानतळावर निरोप दिला, आणि दिवाळीला फोन करता येतो. त्या दोन लाखांना मागे वळून पाहायचीही सोय नव्हती. त्यांच्या आजोबा-पणजोबांना ज्या हुकूमनाम्यानं पाऊण शतक घरात राहू दिलं, तो कुणाचंही मन न बदलता चालला होता. त्याला गरज होती ती फक्त रोज राखण करणाऱ्या कुणाची तरी, आणि ती राखण हेन्रीच्या नातवानं थांबवली.